रिकाम्या खाटेलाही अठरा

थोरल्या सिस्टरनी म्हातारीच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि नजर मात्र तिच्या छातीवर रोखली. श्वास मोजायचा असा, चोरून. पेशंटला कळलं की तो फोटो काढून घेतल्यासारखा नीट श्वास घ्यायला लागतो.

"नाडी बरी आहे ना हो?" स्टुलावरच्या लेकीने विचारलं.

सिस्टर बोलल्या नाहीत. मोजताना बोलायचं नाही, ही सवय चार महिन्यांची. त्याआधी सत्तावीस वर्षं त्या मोजायच्याच नाहीत.

मोजतं कोण! एका पेशंटला एक मिनिट म्हणजे चाळीस खाटांना चाळीस मिनिटं. ताप बघायचा, बीपी बघायचं आणि श्वासाच्या रकान्यात वरून खालपर्यंत अठरा, अठरा, अठरा. एकदा तर चष्मेवाल्या सिस्टरने घाईत रिकाम्या खाटेलाही अठरा लावले. "गादी तब्येतीत आहे हो, उद्या सोडायला हरकत नाही," असं म्हणून थोरल्या सिस्टरनी सगळ्यांना हसवून हसवून लोळवलं होतं.

चार महिन्यांपूर्वी याच लेकीचे वडील पुरुषांच्या वॉर्डात होते आणि थोरल्या सिस्टरही तेव्हा तिकडेच होत्या. "बाबांना धाप लागलीय का हो?" लेकीने दुपारी विचारलं होतं. सिस्टरनी कागदावर नजर टाकली होती. "अठरा आहे गं, एकदम नॉर्मल. तुझाच वाढलाय. जा, घरी जाऊन ये जरा." ती गेली. परत आली तेव्हा बाबांच्या डोक्यावरून चादर ओढलेली होती.

तेव्हापासून सिस्टर मोजत सुटल्या. दुकानदाराचे श्वास, बसमध्ये समोर डुलक्या घेणाऱ्याचे, घोरणाऱ्या नवऱ्याचे.

"अशी टक लावून काय बघतेस? या वयात?" नवऱ्याने एकदा डोळे मिचकावून विचारलं. एरवी त्यांनी त्याला सवाई उत्तर दिलं असतं. त्यांनी कूस बदलली. मोजून झालं की एक श्वास शिल्लक राहायचा, आणि तो खोलीतल्या कोणाचाच नसायचा.

म्हातारीचे श्वास भरले चौतीस. सिस्टरनी कागद उलटा करून बघितला. दोनच्या राउंडला चष्मेवालीने लिहून ठेवलं होतं, अठरा.

"मला सकाळपासूनच आईला धाप लागल्यासारखी वाटत होती," लेक ओशाळून म्हणाली. "पण म्हटलं, गप्प बसावं. बाबांच्या वेळी तुम्हाला उगीच पिडलं होतं. मी मेली आहेच घाबरट."

सिस्टर धावल्याच. डॉक्टर आले, ऑक्सिजन लागला, इंजेक्शन गेलं. म्हातारीच्या मोडलेल्या पायातून रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. "आणखी तासभर गेला असता तर कठीण होतं. शाब्बास, सिस्टर."

"नजर नाही, एक्स-रे आहे एक्स-रे!" शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी पावती दिली.

लेकीने सिस्टरचे दोन्ही हात धरले. सिस्टरनी हात सोडवून घेतले आणि टेबलापाशी आल्या.

"तिला सांगते मी," त्या चष्मेवालीला म्हणाल्या. "बाबांचं."

"डोकं फिरलंय का तुझं? रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलीत. आणि तक्रार झाली तर तू एकटी बुडशील का? मीही लिहिते, सगळेच लिहितात." चष्मेवालीने आवाज खाली आणला. "बिचारी आज खूश आहे गं. तिला सुखाने झोपू दे."

"झोपेल. पण पुढच्या वेळी कोणाला धाप लागलेली दिसली, तर ती पुन्हा गप्प बसेल."

चष्मेवालीने चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

सिस्टर खाटेपाशी गेल्या. म्हातारीचा डोळा लागला होता.

"त्या दिवशी मी मोजलं नव्हतं."

"काय?"

"बाबांचा श्वास. अठरा असंच लिहिलं होतं. आम्ही सगळ्यांनाच लिहितो." सिस्टर खाटेच्या कडेला टेकल्या. "आज डॉक्टर मला शाब्बास म्हणाले. पण आईची धाप आधी तुला दिसली. बाबांचीही तुलाच दिसली होती. तू घाबरट नाहीस."

बाटलीतल्या पाण्यातून ऑक्सिजन बुडबुडत होता.

"मग किती होता?"

"माहीत नाही."

"मी डबा आणायला गेले होते," लेक म्हणाली. "भात जरा मऊ हवा म्हणून थांबले."



लेक उठली. आता ओरडेल, सगळा वॉर्ड गोळा करेल, असं सिस्टरना वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बसा."

सिस्टर बसल्या.

"आता आईचा मोजा. माझ्यासमोर. मोठ्याने."

सिस्टरनी म्हातारीच्या छातीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "एक," त्या म्हणाल्या. "दोन." मावशी बोलायच्या थांबल्या. पलीकडच्या खाटेवरची बाई उशीवर कोपर टेकून वर झाली. टेबलापाशी चष्मेवालीचं पेन हवेत राहिलं. "अकरा. बारा." लेक आईकडे बघतच नव्हती. ती सिस्टरच्या ओठांकडे बघत होती.

"अठ्ठावीस," सिस्टर म्हणाल्या. मिनिट भरलं होतं.

लेक बस म्हणाली नाही.

म्हातारीची छाती वर आली. सिस्टर म्हणाल्या, "एकोणतीस."