अर्ध्या शिक्क्याचा कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. माझ्या कोपऱ्यावर लाल शाईचा शिक्का आहे, पण तो अर्धाच उमटलेला आहे. बाकीचा अर्धा का उमटला नाही, ते तुम्हाला सांगायचं आहे. सांगता सांगता मध्येच घाबरलो तर समजून घ्या. कागदाची जात मुळातच भित्री. आग, पाणी, उंदीर, वाळवी आणि टापटीप माणसं, एवढ्यांचं भय आम्हाला जन्मापासून असतं. त्यातही टापटीप माणसांचं जरा जास्तच.

माझा जन्म चाकणच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पाठीवर एका लोखंडी ब्रॅकेटचं ड्रॉइंग छापलं होतं. पण महिनाभरात ब्रॅकेट बदलला, नवं ड्रॉइंग आलं आणि मी रद्दीत गेलो. तिथे कुलदीप कामाला होता. कारखान्यातले कागद सांभाळायचे, नवा कागद आला की जुना उचलायचा, हे त्याचं काम. तेव्हा तो इतका कडक नव्हता. माझी दुसरी बाजू कोरी दिसली, तेव्हा "वाया कशाला घालवायची?" म्हणून तो मला थेरगावला घरी घेऊन आला. तिथे माझं नशीब उघडलं.

आमच्याकडे कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. दर गुरुवारी दुपारी कुलदीपच्या माडीवर एक खेळ रंगायचा. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. गोष्टीत किल्ले, राक्षस, मंतरलेली जंगलं सगळं असायचं. बाण लागला की चुकला, हे फासे ठरवत. प्रत्येकाच्या माणसाचं बळ, नेम, सामान एका कागदावर लिहिलेलं असे. भुजंग तिरंदाज नावाच्या माणसाचा कागद म्हणजे मी. गोष्ट सांगायचा कुलदीप, आणि भुजंग व्हायचा त्याच कारखान्यात पत्रा दाबायचा प्रेस चालवणारा रणजीत. आकुर्डीच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत काम करणारी साबिया वैदू व्हायची.

ते दिवस काय सांगू! दोन तोंडांची घार भुजंगने एका बाणात पाडली, तेव्हा साबिया टाळ्या पिटत ओरडली होती. रणजीतने मला उचलून कपाळाला लावलं होतं. माझ्या अंगावर त्याच्या बोटांचा तेलकट डाग आहे, तो त्याच दिवसाचा. चहाच्या कपाचं गोल वळंही आहे. कोणी चांगलं म्हटलं की कागद फुगतो, असं म्हणतात. मी तर ओल न लागताच फुगलो होतो.

मग रणजीत यायचा बंद झाला. पहिल्या गुरुवारी मला वाटलं, ओव्हरटाइम असेल. दुसऱ्या गुरुवारी खेळच झाला नाही. तीन महिने मी फाइलीत अंधारात पडून होतो आणि मनात येईल ते वाईट कल्पत होतो. खरं जे घडलं होतं, ते माझ्या कल्पनेपेक्षाही वाईट निघालं. बारा नंबरच्या प्रेसमध्ये रणजीतच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती, अंगठ्याच्या शेजारचं आणि मधलं.

तो आला, तेव्हा त्याने मला डाव्या हाताने ओढून घेतलं आणि समासात वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं, 'भुजंगच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. नेम उणे दोन.' कुलदीप खाली मान घालून फासे चोळत बसला होता. खेळाच्या तेव्हाच्या नियमांत जखमा कायमच्या राहत, म्हणून उणे दोन हे बरोबरच होतं. त्यानंतर भुजंगचे बाण झाडाला लागत, दगडाला लागत, एकदा तर साबियाच्या वैदूच्या झोळीला लागला. पण रणजीतने धनुष्य सोडलं नाही. भुजंगने डाव्या हाताने दोरी ओढायचा सराव करायचा, असं त्याने गोष्टीतच ठरवलं. त्याला दोन वर्षं लागली. एका गुरुवारी त्याने 'उणे दोन' खोडून 'उणे एक' लिहिलं आणि पेन खाली ठेवून तो बराच वेळ नुसता हसत बसला.

कुलदीप मात्र त्या तीन महिन्यांनंतर बदलला होता. जुना कागद दिसला की तो बेचैन व्हायचा. घरातलं गेल्या वर्षीचं कॅलेंडर, संपलेल्या औषधाची चिठ्ठी, काही म्हणून ठेवायचा नाही. त्याची आई, गोजाबाई, म्हणायची, "आरं, माणसाला बी शिक्का मारशील येक दिवस!" मला वाटायचं, बढती मिळाली म्हणून अंगात आलंय.

आणि अशात खेळाची नवी आवृत्ती आली. नियमांचं जाडजूड, चकचकीत पुस्तक. साबियाच म्हणाली, "जुने नियम फार किचकट आहेत, दादा. आपण आपली गोष्ट तशीच ठेवू, नियम नवे घेऊ." सगळ्यांना पटलं. पण मित्रांनो, सहा वर्षांची चालू गोष्ट नव्या नियमांत नेणं म्हणजे भरल्या संसारासकट घर बदलणं. कुठलं बळ कुठल्या रकान्यात जाईल, कुठला मंत्र आता मिळणारच नाही, सगळं तपासावं लागतं. कुलदीपने त्याचा तक्ता केला. एकेक आकडा नव्या कागदावर उतरवायचा, हिरवी खूण करायची. मग जुन्या कागदावर 'रद्द प्रत' असा लाल शिक्का मारायचा आणि त्याचे चार तुकडे करायचे. शिक्का त्याने खास घरासाठी बनवून घेतला होता.

त्या गुरुवारी सकाळपासून त्याचं हेच चाललं होतं. आधी राक्षसांचे कागद गेले. मग किल्ल्याचे, मग वैदूचा. ठप्प, टर्र, टर्र. गोजाबाई येऊन तुकडे ओच्यात भरायची आणि बंबात घालायला न्यायची. मी ढिगाच्या तळाशी होतो आणि ढीग उतरत चालला होता. सगळ्यात शेवटी त्याने माझ्यावरचे आकडे उतरवले. बळ उतरलं, सामान उतरलं. समासाशी तो थांबला, आणि खूण न करताच पुढे गेला. समास राहिला, समास राहिला, असं मी ओरडत होतो, पण कागदाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं?

तेवढ्यात रणजीत आणि साबिया जिना चढून आले. कुलदीपने नवा कागद रणजीतसमोर धरला. चेहऱ्यावर हसू होतं, पण कपाळावर घाम होता.

रणजीत कुठलाही कागद वरपासून खालपर्यंत वाचतो. वाचून झाल्यावर म्हणाला, "हाताचं काय केलंस?"

"नव्या नियमांत कायमची जखमच नाही, राव. रात्रभर झोपलं की सगळं भरून येतं. तुझ्या भुजंगला दहाच्या दहा बोटं. नेम पूर्ण!"

दारात उभ्या गोजाबाईने विचारलं, "येका झोपंत? आसली झोप कुठं मिळती रं?"

रणजीत म्हणाला, "आणि मी जे एक कमावलं, ते कुठाय? उणे दोनचं उणे एक केलं मी. दोन वर्षं घालवली त्यात."

"पण दादा, आता उणे काहीच नाही ना," साबिया हळूच म्हणाली.

"त्याला रकाना नाही," कुलदीप म्हणाला आणि त्याने शिक्का उचलला.

"थांब!"

शिक्का माझ्या अंगावर टेकला होता. गार शाई लागली. कुलदीपने दचकून हात मागे घेतला आणि शिक्का तिरका सरकून अर्धाच उमटला.

"का थांबू?" तो एकदम ओरडला. "जुना कागद जागेवर राहिला की काय होतं, ठाऊक आहे तुला? बारा नंबरचा कागद मी काढला नव्हता, रणजीत! मशीन कसं चालवायचं ते सांगणारे नवे कागद आले होते. अकरा मशीनवर मी लावले. बारा नंबर दुरुस्तीला होतं, म्हटलं, नंतर लावू. नव्यावर लिहिलं होतं, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबा, म्हणजे हात आत जायलाच नको. जुन्यावर पायाचं पॅडल होतं. तू जुना वाचलास. तू वाचून काम करणारा माणूस आहेस, म्हणून तुझी बोटं गेली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जाऊन तो कागद गुपचूप बदलला."

मित्रांनो, मी शरमेने पिवळा पडलो. माझ्याच जातीच्या एका कागदाने ते केलं होतं. क्षणभर मला वाटलं, फाडा मला, खुशाल बंबात घाला.

रणजीतने त्याच्या हातातला शिक्का काढून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ठाऊक आहे."

"कोणी सांगितलं?"

"कागदानंच. कामावर परत आलो, तेव्हा बारा नंबरला नवा कागद लटकत होता. त्यावर तारीख होती. माझी बोटं जायच्या चार दिवस आधीची."

"मग चार वर्षं बोलला का नाहीस?"

"दर गुरुवारी ठरवून यायचो, की आज याची गचांडी धरायची. मग तू विचारायचास, 'भुजंग आता काय करतो?' आणि मला पुढं काय होतंय ते बघायचं असायचं, राव. बोललो असतो तर खेळ मोडला असता."

कुलदीप रडत होता. चांगला बाप्या माणूस, पण लहान पोरासारखा रडत होता. नाक पुसत त्याने विचारलं, "अजून राग आहे?"

रणजीतने माझ्या समासावर बोट ठेवलं. "आहे की," तो म्हणाला. "उणे एक."

गोजाबाईने मला पुढे ओढलं. "ह्यो बी बंबात घालायचा न्हवं?"

"न्हाई गं, आई," कुलदीप म्हणाला. "एक प्रत ठेवायची असते. जपून."

मग त्याने पट्टी घेतली आणि नव्या कागदाच्या खाली, पुस्तकात नसलेला एक रकाना आखला. रणजीतने त्यात डाव्या हाताने 'उणे एक' लिहिलं. त्याची अक्षरं आता पहिल्याइतकी वाकडी नव्हती.

मित्रांनो, काम चालू असेल तिथे जुना कागद लटकत ठेवू नका. तो आजच काढा, नंतरवर ढकलू नका. हे मी एक जुना कागद असून सांगतो आहे. पण काढलेला कागद फाडण्याआधी त्याचा समास एकदा वाचा. छापलेलं कोणीही उतरवून घेईल. समासात लिहिलेलं माणसाने सोसलेलं असतं.

मी आता नव्या कागदाच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत असतो. गुरुवारी जिन्यावर पावलं वाजली की अजून माझ्या कडा थरथरतात. मग कुलदीप पिशवी उघडतो, आधी मला बाहेर काढून रणजीतच्या डाव्या हाताशी ठेवतो, आणि विचारतो, "बोल, भुजंग आता काय करतो?"