सोमवारची बॅच

“बघ, कसा ठाण मांडून बसलाय,” स्वरदाने पडद्यावरच्या उंचवट्याला बोट लावलं. “हलायचं नाव घेत नाही मेला.”

वायू तपासणाऱ्या यंत्राच्या आलेखावरचा तो उंचवटा कार्बन मोनॉक्साइडचा होता. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या लहानशा प्रयोगशाळेत स्वरदा आणि उत्तरा तांबं आणि सेरियम यांच्या ऑक्साइडची काळपट भुकटी बनवत. हायड्रोजनमध्ये मिसळलेला मोनॉक्साइड तेवढा जाळायचा, हायड्रोजनला मात्र हात लावायचा नाही, हे त्या भुकटीचं काम. मोनॉक्साइड जरासा जरी राहिला तरी पुढे हायड्रोजनवर वीज बनवणारा फ्युएल सेल गुदमरतो. पूर्वी, देवदत्त इथे असताना, एक बॅच अशी उतरली होती की पडद्यावरचा उंचवटा साफ नाहीसा झाला. ती भुकटी आता संपत आली होती आणि नवी एकही बॅच तशी जमत नव्हती.

“चल, तुझ्या देवदत्तालाच विचारू,” स्वरदा म्हणाली. “एव्हाना सकाळ झाली असेल तिकडे.”

“माझा कुठला गं?”

“बरं बाई, कंपनीचा. लावू का फोन?”

उत्तराने मान डोलावली. खरं तर विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्या वेळी काय वेगळं घडलं होतं ते तिला कालच, भुकटीसाठीचा ओला साका गाळता गाळता, आठवलं होतं. स्वरदाला सांगितलं असतं तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण मग त्याला फोन करायला निमित्त राहिलं नसतं. आणि ती गोष्ट त्यालाही आठवते का, हे तिला एकदा त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

ती बॅच झाली तो सोमवार होता. आईच्या दुखण्यात धरलेलं सोमवारचं मौन उत्तराने आई गेल्यावरही सोडलं नव्हतं. दुपार होईपर्यंत ती बोलत नसे. देवदत्त गाळणीवरचा हिरवट साका पाण्याने धूत होता. एरवी उत्तरा खालचं पाणी तपासून ‘बस’ म्हणायची. त्या दिवशी तिने हाताने खूण केली.

“खुणाबिणा मला कळत नाहीत,” तो म्हणाला. “तोंडाने म्हण, मग थांबतो.”

तिने डोळे वटारले. त्याने आणखी पाणी ओतलं.

“मला काय, मी दुपारपर्यंत धुवेन.”

आणि खरंच तो धूतच राहिला, पाण्याचा कॅन जवळजवळ रिकामा होईपर्यंत. हसू दाबून दाबून तिचे गाल दुखायला लागले. दुपार झाली तशी ती म्हणाली, “बस रे!” मौन सुटल्यावर तिच्या तोंडून पहिलं महादेवाचं नाव यायचं, कधी चुकलं नव्हतं. त्या दिवशी चुकलं. घरी आल्यावर तिने देवापुढे हात जोडले, पण क्षमा मागायचं तिच्या मनात येईना.

वर्ष सरायच्या आत तो टोरांटोला गेला.

“काय गं, अजून तिथेच दोघी?” देवदत्त फोनवर दिसला. हातात कप, डोक्यावरचे केस विरळ झालेले.

“तुझंच निस्तरतोय,” स्वरदा म्हणाली. “ती बॅच कशी केलीस ते सांग, नाहीतर वाट लागली आमची.”

“भट्टीचं तापमान तेच?”

“सगळं तेच रे!”

“मग साका पाडायला घालतो तो सोडा राहत असेल आत. धुता किती?”

उत्तरा पुढे सरकली. “नेहमीसारखंच. पाणी नितळ येईपर्यंत.”

“त्याच्या पुढेही धुवा. तेव्हा आपण बहुतेक खूप धुतलं असणार.” त्याच्या कपाळाला आठी पडली. “पण इतकं का धुतलं असेल? तुला आठवतं का गं काही?”

आज गुरुवार होता. बोलायला कसलीही आडकाठी नव्हती. तो तिच्याकडेच बघत होता, कुतूहलाने, एखाद्या आकड्याकडे बघावं तसा.

“नाही रे,” उत्तरा म्हणाली. “लक्ष नसेल आपलं.”

“असेल. म्हणजे चुकून जमलं म्हणायचं!” तो मोकळेपणाने हसला. मागून एका मुलीने “बाबा” म्हणून हाक मारली. “चला, हिला शाळेत सोडायचंय. जमलं की कळवा हं.”

“एवढंच होतं होय!” स्वरदाने टाळी वाजवली. “आणि आपण डोकं फोडून घेत होतो. घे, कालचा साका आहेच, लागू या.”

उत्तराने गाळणी मांडली. स्वरदा थोडा वेळ शेजारी उभी राहिली.

“पण थांबायचं कधी गं? मघापासून नितळच तर येतंय.”

“थोडं आणखी.”

“तू आणि तुझं थोडं. मी चहा सांगून येते.”

दार लोटलं गेलं. खालच्या पात्रात थेंब थेंब पडणारं पाणी वरून ओतलेल्या पाण्याइतकंच स्वच्छ होतं. उत्तराने ते उजेडात धरून पाहिलं, आणि पुन्हा कॅन उचलला.