साडेबावीस

सरांनी सिस्टरच्या कॉम्प्युटरचा पडदा वर्गाकडे फिरवला आणि तिच्या उत्तरावर पेनाचं टोक टेकवलं. चाळीस रुग्णांची जखम भरायला लागलेले दिवस, सरासरी काढा. सगळ्या वर्गाची साडेबावीस आली होती. वीस वर्षं वॉर्डात काढून बढतीसाठी पुन्हा बाकावर बसलेल्या सिस्टरची आली होती नऊ.

"सिस्टर, सहा पेशंट कुठे पळवलेत?"

वर्ग हसला. सरांच्या विनोदांना वर्ग नेहमीच हसे. अंतर्गत गुण सरांच्याच हातात होते.

"ते ड्रेसिंगला परत आलेच नाहीत, सर," सिस्टर म्हणाली. "आला नाही की आम्ही त्या रकान्यात नव्व्याण्णव लिहितो. तो दिवसांचा आकडा नाही."

वॉर्डातलं शहाणपण वॉर्डातच ठेवा, असं सरांनी सुनावलं. सिस्टरने सहाही नव्व्याण्णव मुकाट्याने परत भरले.

संध्याकाळी, केवळ तिची चूक पुराव्यानिशी दाखवायची म्हणून, सरांनी कपाटातून मूळ फॉर्म काढले. प्रत्येकाच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं: ९९ म्हणजे रुग्ण परत आला नाही. अकरा वर्षं ते हाच तक्ता शिकवत होते. घरी बायकोने चेहरा पाहून विचारलं, तेव्हा ॲसिडिटी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगून टाकायचं त्यांनी ठरवलं होतं. पण वर्गात पाऊल टाकताच विचार बदलला. परवा परीक्षा होतीच. तिथे सिस्टर नऊ म्हणेल, बाहेरून आलेले परीक्षक भुवया उंचावतील आणि आपण मोठ्या मनाने तिची बाजू घेऊ. चूक कबूल करायचीच, तर ती निदान चारचौघांत शोभून दिसावी, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती.

परीक्षेला तोच तक्ता होता. परीक्षकांच्या हातात सरांनीच महिन्यापूर्वी पाठवलेली उत्तरं होती. सिस्टरची पाळी आली तसे सर खुर्चीत पुढे सरकले.

"सरासरी किती?" परीक्षकांनी विचारलं.

सिस्टरने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"साडेबावीस."

"म्हणजे काय, सांगा."

"जखम भरायला सरासरी साडेबावीस दिवस लागतात." डॉक्टरांच्या राउंडला 'हो डॉक्टर' म्हणावं, तशा सुरात ती म्हणाली.

परीक्षक खूश झाले. वॉर्डातला अनुभव असला की असा फरक पडतो म्हणाले. मग सरांकडे वळले.

"बरोबर ना, सर?"

आता सिस्टरने प्रथमच सरांकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. सुई टोचताना रुग्णाकडे पाहावं, तसं ती पाहत होती: हलू नका, झालंच.

"बरोबर," सर म्हणाले.