बोटभर ढील

सोमवार, ६ फेब्रुवारी २००६. सकाळी सव्वाअकरा वाजता नागपूरच्या एका रुग्णालयात दीड वर्षाच्या उमेराच्या डोक्याचा घेर मोजला गेला. साडेचव्वेचाळीस सेंटीमीटर. तिच्या आजोबांच्या वहीत शुक्रवारची नोंद होती साडेसेहेचाळीस.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

"तुमची फीत आटली असन बाई," आजोबा म्हणाले. "माही तं नवीकोरी हाय."

हे आजोबा, वहाबभाई, वडसा गावचे शिंपी. हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या की राजांचे मुकुट आणि शिपायांचे टोप त्यांच्याच दुकानातून जात. उमेराच्या कवटीची हाडं जन्मतःच जुळलेली निघाली. आत वाढणाऱ्या मेंदूला जागा नव्हती. आठव्या महिन्यात शस्त्रक्रिया करून ती मोकळी केली. घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं : दर आठवड्याला घेर मोजा, वाढ थांबली तर तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. ते काम वहाबभाईंनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

जानेवारीत उमेरा चिडचिड करू लागली, सकाळी ओकू लागली. तिची आई रुबीना म्हणाली, नागपूरला जाऊ. वहाबभाईंनी वही पुढे केली. "पाह्य ना बेटी, डोकं वाढून राह्यलं. दात येत असन." रुबीना तपासणीच्या तारखेपर्यंत महिनाभर थांबली.

"माझ्यासमोर मोजा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

रुबीनानं लेकीला मांडीवर घट्ट धरलं. वहाबभाईंनी फीत भुवयांवरून मागे नेली, कानांवरून पुढे आणली आणि टोक जुळवण्याआधी डाव्या हाताची दोन बोटं आत सरकवली.

"अब्बा," रुबीना हळू म्हणाली, "बोटं."

त्यांनी हाताकडे पाहिलं. मुकुटाचं माप घेताना बोटभर ढील ठेवायची ही तीस वर्षांची सवय. मुकुट आवळला तर राजा भर दरबारात डोकं खाजवतो, असं ते गिऱ्हाइकांना सांगत. उमेराला मोजताना आधी एकच बोट असे. व्रणाला फीत काचू नये म्हणून त्याची दोन झाली. वहीतली वाढ त्या वाढलेल्या बोटाचीच होती.

बोटं काढून त्यांनी पुन्हा मोजलं. साडेचव्वेचाळीस.

"तू म्हणत होतीस तवाच यायले पायजे होतं," ते म्हणाले.

"मले तरी बोटं कुठी दिसली? दर शुक्रवारी बाजूलेच तं बसत होती मी." रुबीनानं त्यांच्याकडे पाण्याची बाटली सरकवली. "प्या आधी."

डोक्याच्या एक्स-रे फोटोत हाडं पुन्हा जुळलेली दिसत होती. "काही मुलांमध्ये असं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीराला वाटतं, मोडलेलं हाड सांधायचंय. पुन्हा उघडावं लागेल."

"अन् पुन्हा जुडलं तं?" वहाबभाईंनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी फोटो बाजूला ठेवला. "परदेशात सशांवर प्रयोग चाललेत. हाड जुळव असं सांगणारं एक प्रथिन शरीरातच असतं. त्याला अडवणारं जैविक औषध त्या फटीत सोडतात. मग फट जास्त दिवस उघडी राहते."

"ससे कसे हायेत?"

"बरे आहेत म्हणतात."

"मंग इलेही द्या."

"माणसांना अजून देत नाहीत. मेंदूवर काय परिणाम होईल, कुणालाच ठाऊक नाही."

"आमचं नाव लिहून ठेवा. पयला नंबर."

"अशी यादी नाहीये, वहाबभाई."

"नाई तं सुरू करा ना. कोनी तरी पयलं राहीनच."

डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उमेराचं नाव लिहिलं आणि त्याआधी एकचा आकडा टाकला.

दुसरी शस्त्रक्रिया सतरा फेब्रुवारीला झाली. तेव्हापासून माप रुबीना घेते. वहाबभाई उमेराचे पाय धरून बसतात, तिला हसवतात आणि आकडा सांगेपर्यंत फितीकडे बघत नाहीत. नागपूरला गेल्यावर मात्र खुर्चीत टेकण्याआधी सशांची चौकशी करतात.

१८ जून २००७च्या तपासणीत घेर साडेसत्तेचाळीस भरला. डाव्या बाजूची फट मिटत आल्यासारखी वाटते, पण नक्की सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते औषध अजून माणसांपर्यंत आलेलं नाही. पुढची तारीख सप्टेंबरची आहे.