तेहतीस गोपद्मं

चातुर्मासात रोज तेहतीस गोपद्मं काढायची, हा मंदाकिनीचा नेम. रायपूर राजधानी झालं, गुढियारीच्या गल्लीत सिमेंट आलं, नेम चुकला नाही. रांगोळी तिचा नवरा बंडू कामावरून आणी. सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यात भट्टीला आतून ठोकून बसवतात ती पांढरीशुभ्र दगडाची भुकटी. देवापुढे जाडंभरडं कशाला, म्हणून मंदाकिनी दार लावून, पंखा बंद करून ती जुन्या धोतराच्या कापडातून गाळून घेई. बारा महिने गाळून डबे भरून ठेवी. अशी नऊ वर्षं झाली.

खोकला लागला तेव्हा सगळ्यांनी टीबी धरला. सहा महिने गोळ्या झाल्या, धाप तशीच. समता कॉलनीतल्या डॉक्टर शिशिरनी छातीचा फोटो उजेडावर धरला आणि विचारलं, ताई, खदानीत काम केलंत का कधी? ती नाही म्हणाली. मग दिवसभर काय करता, असं त्यांनी पहाटेच्या कामापासून एकेक विचारत आणलं. गाळण्यापाशी त्यांचा पेन थांबला.

जाड कण नाकाघशातच अडतो, त्यांनी समजावलं. डोळ्याला न दिसणारा मात्र श्वासाच्या शेवटच्या टोकाला पोचतो. तिथले रखवालदार, म्हणजे शरीराच्या राखणीच्या पेशी, त्याला गिळतात, पण दगड पचत नाही. रखवालदार मरतो, कण जसाच्या तसा बाहेर. दुसरा येतो, तोही गिळतो. शेवटी शरीर त्याच्याभोवती गाठ बांधतं. ती विरत नाही.

मंदाकिनी फोटोकडे बघत राहिली. वरच्या अंगाला बारीक पांढरे ठिपके, जसे कोणी नेमानं मांडलेले. ती झोपली असताना, जपात असताना, न सांगता कोणी तिच्यासाठी आत जीव देत होतं. तिचे हात आपसूक जुळले.

"नेम मोडू का, डॉक्टरसाहेब?"

"नेम ठेवा. भुकटी सोडा."

"मी तं कटोरीभर गाळली," ती हळूच म्हणाली. "हे तं दिवसभर त्यातच उभे राह्यतात."

डॉक्टरांनी बंडूला बाहेरच्या बाकावरून आत बोलावलं आणि त्याचाही फोटो काढायला सांगितलं. तो हसला. "मले काय होते? मी तं बैलासारखा हाव. काढू पुढच्या महिन्यात."

"आज फोटो काढला नाही, तं मी जेवणार नाही."

आवाज नेहमीचाच, मऊ. पण तिचे उपास बंडू वीस वर्षं बघत आला होता. त्यानं मुकाट्यानं शर्टाची बटणं सोडली आणि खिशातली कागदाची पुडी तिच्या हातात दिली. आजची रांगोळी.

मंदाकिनीनं ती उघडली नाही. नळाखाली धरून तिचा चिखल होईस्तोवर भिजवली.