क्वॉर्मबीची ऊबदार भिंत

लोअर टार्बटमध्ये वार्षिक सभेला जो येत नाही, तो निवडून येतो. ही प्रथा कोणी घालून दिली हे ठाऊक नाही. परंतु फुटबॉल क्लब, अग्निशमन दल, कब्रस्तान समिती आणि सफरचंद महोत्सव ही सगळी तिच्याच आधारावर उभी आहेत. बाहेरचे लोक तिला हसतात. माझे म्हणणे असे की, पद मागणाऱ्याला पद देण्याच्या पद्धतीने जगाचे कोणते भले झाले, ते हसणाऱ्यांनी आधी दाखवावे. नकार देण्याची मुभा आमच्याकडेही आहे. मात्र नकार देण्यासाठी सभेत हजर असावे लागते.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात हिवाळ्याआधीची सफरचंदांची तोडणी ऐन भरात असताना, ॲथॉल क्वॉर्मबीच्या शीतगृहातील एका मोठ्या पंख्याची मोटर जळाली आणि तो शून्य समितीच्या वार्षिक सभेला येऊ शकला नाही. गावाचे एकूण कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्यासाठी नगरपरिषदेने नागरिकांची जी समिती केली होती, तिला आम्ही शून्य समिती म्हणत असू. ॲथॉल तिचा सभासद होता, तो केवळ विरोध करता यावा म्हणून. दर सभेला मागच्या रांगेत बसून तो आम्हाला 'हवा विकणारे' म्हणे आणि आभारप्रदर्शनाआधी उठून जाई.

मावळता अध्यक्ष मॉरिस पायबस याने नावे मागवली, तेव्हा पुढच्या रांगेतून, चाकांच्या आधारकाठीवर हात ठेवून बसलेली ॲथॉलची बायको ग्लेनिस म्हणाली, "मी ॲथॉल क्वॉर्मबीचं नाव सुचवते."

मॉरिसने चष्मा काढला. "ग्लेनिस, तो आपल्याला काय काय म्हणतो ते तू ऐकलंयस ना?"

"मला घरी त्याहून वाईट म्हणतो. तरी इतकी वर्षं माझ्याच हातचं जेवतोय."

मी अनुमोदन दिले. विरोध करणारा एकटाच माणूस त्या वेळी मोटर काढण्यात गुंतला होता.

ग्लेनिसने हे का केले, ते सभेतल्या प्रत्येकाला कळले होते आणि कोणीही ते बोलून दाखवणार नव्हते. तिला पक्षाघाताचा झटका आल्यापासून तिचा उजवा पाय तिचे ऐकत नसे. जमिनीवर ती काठीशिवाय एक पाऊल टाकू शकत नव्हती. परंतु गावच्या पोहण्याच्या बंदिस्त तलावातील कोमट पाण्यात ती या काठापासून त्या काठापर्यंत कोणाचाही हात न धरता चालत असे. "पाण्यात मी बाई असते," ती एकदा मला म्हणाली होती, "जमिनीवर सामान."

आणि तो तलाव बंद होणार होता. त्याचे पाणी गॅसवर तापत असे, आणि नगरपरिषदेच्या साऱ्या इमारती मिळून जेवढा गॅस जाळत, त्याहून अधिक तो एकटा जाळी. जूनअखेर गॅसचा करार संपत होता आणि तो पुन्हा करायचा नाही, असा ठराव झाला होता. विजेवर पाणी तापवावे तर तेवढा भार पेलणारी तार गावात यायला दोन वर्षे लागणार होती. परिषदेची हवामान अधिकारी टेगन हॉलोरन ही सरळ मनाची मुलगी असल्यामुळे तिने आम्हाला हिशेब लपवला नाही. "बंद तलावाचं उत्सर्जन शून्य असतं," ती म्हणाली. "कागदावर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मला तो आवडत नाही, पण चुकीचाही ठरवता येत नाही." दोन वर्षे बंद राहिलेला तलाव पुन्हा उघडत नाही, हे तिलाही माहीत होते.

उपाय कुंपणापलीकडे उभा होता. तलावाच्या मागच्या बाजूला ॲथॉलचे शीतगृह आहे. सफरचंदे गार राखण्यासाठी त्यांतली जी ऊब बाहेर काढावी लागते, ती त्याचे पंखे तोडणीपासून हिवाळा संपेपर्यंत रात्रंदिवस आमच्या बाजूला फेकत असतात. मध्ये जाड लाकडी भिंत आहे. तिच्यावर बायका पोहून आल्यावर टॉवेल वाळत घालतात, गावातली मांजरे तिच्या पायथ्याशी झोपतात, आणि जुलैच्या थंडीत टपालवाला तिला पाठ लावून उभा राहतो. ती ऊब नळात घेऊन तलावाच्या पाण्यात उतरवायची, एवढेच करायचे होते. यंत्राची तरतूद टेगनने राज्य सरकारकडून आधीच करून ठेवली होती. उणीव होती ती मालकाच्या होकाराची.

होकार मिळणे अशक्य होते, कारण ती भिंत. पूर्वी पंख्यांच्या आवाजाबद्दल परिषदेने ॲथॉलला नोटीस बजावली आणि त्याला स्वतःच्या खर्चाने ती बांधायला लावली. बांधून झाल्यावर क्लबच्या बारमध्ये, भर गर्दीत, त्याने शब्द दिला की, परिषदेला क्वॉर्मबीकडून यापुढे ऊबसुद्धा मिळणार नाही. त्या वेळी ही नुसती बोलण्याची रीत होती. पुढे ऊब हीच मागण्याजोगी वस्तू ठरेल, हे त्याला किंवा कोणालाच ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण शब्द तो शब्द. आमच्या गावात असा शब्द दिलेल्या माणसाकडे ती वस्तू मागत नाहीत. मागितली तर त्याला दोन्हीकडून लाज आणल्यासारखे होते. ग्लेनिसनेही मागितली नव्हती. तिने फक्त त्याला अशा खुर्चीत बसवले, जिथून मागणे त्याचेच कर्तव्य ठरावे.

दुसऱ्या दिवशी ॲथॉल माझ्या दारात उभा राहिला. हातांना अजून ग्रीस होते.

"मास्तर, अनुमोदन तुम्ही दिलंत म्हणे."

"दिलं."

"शाळेत तुम्ही मला दोनदा नापास केलंत. तेवढ्यानं पोट भरलं नव्हतं?"

"नकार द्यायचा होता तर यायचं होतं, ॲथॉल."

त्याने माझ्या गुलाबाचे एक वाळके पान तोडले. "आलो असतो तर मॉरिसच राहिला असता," तो म्हणाला. "त्याला सभा वेळेवर संपवता येत नाही. सभा कितीला असते?"

तो अध्यक्ष म्हणून नमुनेदार निघाला, हे विरोधकांच्या बाबतीत अनेकदा घडते. कारण ज्याला एखाद्या गोष्टीवर विश्वास नसतो, तो तिच्यातील ढिलाई खपवून घेत नाही. मॉरिसच्या काळात दोन वर्षे चर्चेत असलेले ग्रंथालयाच्या छपरावरचे सौर पॅनेल त्याने इस्टरच्या आत बसवून घेतले, कारण त्या विषयावर पुन्हा चर्चा ऐकण्याची त्याची तयारी नव्हती. सभागृहातील गॅसची शेगडी गेली. परिषदेची एक मोटार इतकी कमी वापरली जाते, असे त्याने दाखवून दिले की, ती विजेवरची घेण्याऐवजी विकूनच टाकावी लागली. टेगनला त्याची धास्ती वाटे आणि ती त्याच्या प्रश्नांची तयारी करून येई. तिच्या योजना त्यामुळे पूर्वीपेक्षा चांगल्या होऊ लागल्या.

मे महिन्याच्या सभेत विषय क्रमाने येणारच होता. ॲथॉलने तो स्वतःच वाचून दाखवला : तलावासाठी शीतगृहाच्या मालकाकडे विचारणा.

"ही विचारणा अध्यक्षानं करायची असं समितीचं म्हणणं आहे का?" त्याने विचारले.

ग्लेनिस आपल्या काठीची चाके पुढेमागे करीत होती.

"प्रथा तशी आहे," मी म्हणालो.

"ठीक. पुढच्या सभेत सांगतो."

पुढच्या सभेला तो वेळेवर आला, कोट खुर्चीला लावला आणि उभा राहून म्हणाला, "मालकाला भेटलो. सकाळी दाढी करताना. समितीचं म्हणणं नीट समजावून सांगितलं, काही वगळलं नाही. तो नाही म्हणाला."

टेगनने हलकेच विचारले, "कारण काही दिलं का, ॲथॉल?"

"शब्द दिलाय म्हणाला."

"तुम्ही आग्रह नाही केलात?"

"केला. माणूस हट्टी आहे. बापावर गेलाय." त्याने कागद उलटला. "पुढचा विषय."

सभा संपल्यावर मॉरिस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आता झालं तेवढं पुरे. अर्ध्या खोलीला वाटलं हसावं, अर्धीला वाटलं रडावं, आणि मला वाटलं आपण लॅमिंग्टन केक खावेत." त्याने दोन खाल्ले. मी ग्लेनिसला गाडीपर्यंत पोचवायला गेलो. ॲथॉल आतमध्ये खुर्च्या रचत होता.

"तू त्याला घरी का सांगत नाहीस?" मी विचारले. "तुझ्या शब्दाला मान देईल."

"देईल," ती म्हणाली. "तेच तर. मग शब्द मोडलेला नवरा मला घरात ठेवावा लागेल. शब्द मोडलेली माणसं फार त्रास देतात, मास्तर. दिवसभर कपाटं नीट लावत बसतात." तिने पाय हातांनी उचलून गाडीत घेतला. "आणि पाय माझा असला तरी शब्द त्याचा आहे."

यावर माझ्याकडे युक्तिवाद होता. मी तो केला नाही, आणि तसे माझ्या हातून फार क्वचित घडते.

जूनचा मध्य उलटला. तलावाच्या दारावर परिषदेने बंद होण्याची तारीख लावली. सकाळच्या पाण्यातल्या बायका ती वाचत आणि आत जात. ॲथॉल ग्लेनिसला रोज सोडायला येई, आत मात्र कधी जात नसे. ती बाहेर येईपर्यंत भिंतीला पाठ लावून उभा राही. त्या दिवसांत तिने पाण्यातल्या फेऱ्या वाढवल्या होत्या, जणू हिवाळ्यासाठी लाकूड साठवावे तशा. त्यामुळे त्यालाही अधिक वेळ उभे राहावे लागे. पाणी बंद झाल्यावर पाय किती दिवस टिकेल, असे त्याने डॉक्टरांना विचारले होते, हे मला डॉक्टरांच्या बायकोकडून समजले. उत्तर काय मिळाले ते तिने सांगितले नाही, यावरूनच ते समजले.

त्या आठवड्यात ग्लेनिसने मला रविवारी चहाला बोलावले. गेलो तेव्हा कळले की, तो चहा नव्हता. क्वॉर्मबी शीतगृह कंपनीची वार्षिक सभा होती. कंपनीचे भागधारक दोन, नवरा आणि बायको. सभा दर वर्षी जूनमध्ये स्वयंपाकघराच्या टेबलावर होई आणि कायद्याने ती व्हावीच लागे. गणपूर्ती एकाची होती. ॲथॉलच्या वडिलांनीच ती तशी लिहून ठेवली होती, कारण सफरचंदांच्या धंद्यात दोन माणसे एका जागी बसतील यावर त्यांचा विश्वास नव्हता. एवढ्या वर्षांत ॲथॉल मात्र एकाही सभेला चुकला नव्हता.

तो टेबलाशी बसला होता. केस ओले करून विंचरलेले होते. ग्लेनिसने विषय मांडून ठेवले होते आणि त्यांतला शेवटचा विषय मला उलट्या बाजूनेही वाचता येत होता. त्यालाही येत असणार.

"सुरू करायचं का?" ती म्हणाली.

ॲथॉलने मान तिरपी केली. "पंखा वाजतोय."

आम्ही ऐकले. पंखे नेहमीसारखे घोंघावत होते.

"कुठला?" ग्लेनिसने विचारले.

"मार्चमधला. मोटर नवीन आहे, भरवसा नाही." तो उठला आणि टोपी घेतली. दारात थांबून म्हणाला, "माझ्यासाठी थांबू नका. सभेची वेळ म्हणजे वेळ."

दार लागले. ग्लेनिसने केटली पुन्हा ठेवली, घड्याळाकडे पाहिले, आणि एक सभासद उपस्थित असल्याने सभा विधिवत सुरू झाल्याचे मोठ्याने सांगितले. तिने हिशेब मंजूर केले. शीतगृहाची वाया जाणारी ऊब गावच्या तलावाला द्यावी, असा ठराव तिने मांडला, त्यावर बोलू इच्छिणाऱ्यांनी बोलावे असे म्हणून योग्य तेवढा वेळ वाट पाहिली, आणि तो संमत केला. मग नळ टाकण्याच्या कामावर देखरेख करणारा कोणी हवा होता. गैरहजर असल्यामुळे ॲथॉल निवडून आला.

खिडकीतून भिंतीचा कोपरा दिसत होता. ॲथॉल तिला टेकून उभा होता, हात खिशात, तोंड रस्त्याकडे. पंख्यांकडे त्याची पाठ होती.

मी खुर्ची मागे सरकवली. "बोलावू त्याला?"

"बसा," ग्लेनिस म्हणाली. तिने डोळे टेबलाच्या कापडाला पुसले, मग त्याच कापडाने एक स्वच्छ पेला पुन्हा पुसला. "पंखा दुरुस्त व्हायला वेळ लागतो."

चहा दोनदा ओतून झाल्यावर तो आला. टोपी खुंटीला लावली.

"काय ठरलं?"

"तुझ्याविरुद्ध गेलं."

"किती मतांनी?"

"एका."

त्याने साखर घेतली आणि बराच वेळ ढवळली. "असतो तर अडवलं असतं," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"पंखा वाजत होता. मास्तर, तुम्ही ऐकलात."

मी जन्मभर अचूकतेचा आग्रह धरत आलो आहे. मी ऐकल्याचे सांगितले.

त्या संध्याकाळी क्लबच्या बारमध्ये त्याने, कोणी विचारले नसताना, एकदाच खुलासा केला : क्वॉर्मबीने परिषदेला काही दिलेले नाही, कंपनीने दिले, आणि तेही त्याला पाडून. कोणीही शंका काढली नाही. मॉरिसने त्याच्यासाठी बिअर मागवली, आणि पराभूत माणसाला मागवतात तशी ती गंभीरपणे त्याच्यासमोर ठेवली.

गॅस ठरल्या तारखेला बंद झाला. नळ टाकायला आणखी काही दिवस गेले, आणि तेवढे दिवस बायका गारठलेल्या पाण्यात उतरून ॲथॉलच्या देखरेखीवर टीका करीत राहिल्या. मग पाणी तापले. टेगनच्या तक्त्यात तलावापुढे जवळजवळ शून्य आले. 'जवळजवळ' हा शब्द ॲथॉलने तिला लिहायला लावला होता, कारण नळातले पाणी फिरवणाऱ्या पंपालाही थोडी वीज लागते आणि खोटे शून्य त्याला चालत नव्हते.

जुलैतल्या एका सकाळी मी तिथून जात होतो. काचेतून ग्लेनिस दिसली. ती छातीभर पाण्यात दोन्ही हात मोकळे सोडून चालत होती, वळत होती, पुन्हा चालत होती. ॲथॉल बाहेर नेहमीच्या जागी, कोटाची कॉलर वर करून, भिंतीला टेकून उभा होता. मांजरे गेली होती. मी भिंतीला हात लावून पाहिला. दगडासारखी गार.

"अशी असतात परिषदेची कामं," ॲथॉल म्हणाला. "चांगली भिंत होती, वाया घालवली."

"आत जाऊन बस की. आत उबदार आहे."

त्याने काचेतून आत पाहिले.

"अजून तिच्या दोन फेऱ्या राहिल्यात," तो म्हणाला, आणि तिथेच उभा राहिला.