घेवड्याची हिरवी पानं

आमच्याकडे घेवड्याची पानं हिरवीगार दिसली की घबराट उडते. प्रयोगशाळेच्या एका खोलीत आम्ही घेवड्यावर मुद्दाम लाल कोळी वाढवतो, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. शेजारच्या खोलीतल्या शिकारी कोळ्यांचं ते खाणं. शिकारी बाटल्यांत भरून काकडीवाल्यांकडे जातात आणि त्यांच्या वेलांवरची कीड फस्त करतात. त्यामुळे किडीच्या खोलीत पानं पिवळी, जाळ्यांनी भरलेलीच हवीत. हिरवी झाली तर समजायचं, शिकारी आत शिरले आणि सगळं खाऊन बसले.

म्हणून नियम एकच. आधी किडीची खोली, मग शिकाऱ्यांची. उलटं जायचं नाही. शिकाऱ्यांकडे पाय ठेवला की त्या दिवसापुरतं किडीचं दार बंद. डोक्यावरून अंघोळ करून दुसऱ्या दिवशी यायचं. नव्या माणसांना हे मीच शिकवते, तेही दरडावून. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला मान्य आहे.

आणि नियम मोडला तो मीच. दुपारी शिकारी भिंगाखाली तपासायला बसले, तर चष्मा किडीच्या खोलीत राहिलेला. आसपास कोणी नव्हतं. दोन पावलं आत गेले, चष्मा उचलला, बाहेर आले. एवढ्यानं काय होतंय, म्हटलं.

दहा दिवसांत खोली हिरवी झाली.

ती खोली बारकीच्या ताब्यात. बारकी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची बायको. आम्ही एकाच घरात राहतो, आणि मीच शब्द टाकून तिला इथे लावलं होतं. दोन वर्षांत ती त्या किडीत अशी रमली, की नुसतं पान उलटून ट्रेची तब्येत सांगायची. आमच्या डॉक्टरांनी (किड्यांचे हो, माणसांचे नव्हेत) सगळ्यांना बोलावून विचारलं, "नियम कोणी मोडला?"

बारकी पांढरीफटक पडली. "माझ्याच हातून झालं असेल. त्या आठवड्यात ट्रे द्यायला मी शिकाऱ्यांच्या दारापर्यंत गेले होते."

दारापर्यंत! आणि मी? मी सगळ्यांदेखत तिच्यावर तोंड सोडलं. "किती वेळा सांगितलं होतं गं तुला!" हे आठवलं की अजून कान तापतात. लाज वाटते मला, दुसरा शब्द नाही.

खोली तिच्याकडून काढून तिला ट्रे धुवायला बसवलं. संध्याकाळी घरी जाताना ती म्हणाली, "ताई, तुम्ही माझ्यासाठी शब्द टाकलात आणि मी तुमचं नाव घालवलं." त्यावर मी पावलं झपाझप उचलली.

तीन दिवस अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि चष्म्याचं सगळं सांगून टाकलं. ते हसले.

"बारकी म्हणालीच होती. ताई येतील, सगळं स्वतःवर घेतील, त्यांचं ऐकू नका."

"अहो, मी खरं सांगतेय!"

"बावीस वर्षांत तुम्ही कधी नियम मोडला नाहीत. आता भावजयीसाठी खोटं बोलताय?" ते उठून उभे राहिले. "ती खोली आता तुम्हीच सांभाळा. अशीच माणसं हवीत मला."

मी पुन्हा सांगू शकत होते. टेबलावर हात आपटून सांगू शकत होते. आरडाओरडा करायला मला एरवी निमित्त लागत नाही. पण ते माझ्याकडे इतक्या आदराने बघत होते, आणि तसं माझ्याकडे कोणी बघत नाही. मी "बरं" म्हटलं आणि बाहेर आले.

डॉक्टरांकडून कळलेलं सगळं रात्री जेवताना बारकीनं भावाला सांगितलं. खोली गेल्याचं तिनं एका वाक्यात उरकलं. मी तिच्यासाठी कशी भांडले, तेच रंगवून सांगत बसली. आयुष्यभर मला भांडकुदळ म्हणत आलेला माझा भाऊ घास हातात धरून ऐकत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"पुरे झालं कौतुक," मी खेकसले. "जेवा आता गप!"

तो बायकोकडे बघून हळूच म्हणाला, "बघ, चांगलं केलेलं बोलूसुद्धा देत नाही."